इंग्रजीचा शिक्षक आणि परदेशी पदवी



आपल्या बॅचमधले बरेच जण शिक्षक झाले. आता आपली मुलेही इंग्रजीत एम.ए., बी.एड. करून त्याच वाटेवर आहेत. परवा एका मित्राने फोनवर विचारले, "पोरगी शिकायला इंग्लंडला जातो म्हणते. बांधी विकू का?" आज बोलायची संधी मिळाली आहे, तर त्याचे उत्तर सगळ्यांसमोरच देतो.

आधी एक गैरसमज दूर करू. गोऱ्यांसारखे फाडफाड बोलता यावे म्हणून जायचे असेल, तर जाऊ नये. तेवढ्यासाठी लाखो रुपये घालवायची गरज नाही. इंग्रजी अध्यापनाच्या तिकडच्या एम.ए.मध्ये वेगळेच शिकवतात: दुसरी भाषा डोक्यात कशी रुजते, प्रश्नपत्रिका कशी काढावी, पाठ्यक्रम कसा आखावा, स्वतःच्या वर्गाचे निरीक्षण कसे करावे.

एक उदाहरण देतो. आपली मुले "आय हॅड कम येस्टरडे" असे लिहितात. आपण लाल रेघ मारतो आणि पुढे जातो. पण मराठीत आपण "मी काल आलो होतो" म्हणतो आणि मूल तेच "होतो" इंग्रजीत नेते. म्हणजे ही चूक निष्काळजीपणाची नाही, तिच्यामागे नियम आहे. हे ओळखणारा शिक्षक रागावत नाही, दोन वाक्ये शेजारी-शेजारी लिहून दाखवतो. कामठ्याच्या परिसरात मूल घरी पोवारी किंवा झाडीबोली बोलते, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी. इंग्रजी त्याची चौथी भाषा असू शकते. 2000 सालापासून तर ती पहिलीपासूनच सुरू झाली. अशा वर्गाला भाषा समजणारा शिक्षक हवा.

डॉ. अशोक केळकरांचे उदाहरण आठवा. इंग्रजीत एम.ए. झालेला हा माणूस अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि 1958 मध्ये डॉक्टरेट मिळवली, ती मराठीच्या ध्वनी आणि रूपव्यवस्थेवर! पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भाषाविज्ञान शिकवले. 2002 मध्ये पद्मश्री आणि 2010 मध्ये मराठी ग्रंथासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परदेशी जाऊन त्यांनी आपलीच भाषा अधिक नीट पाहिली. माझ्या मते परदेशी शिक्षणाचा खरा लाभ हाच.

आता नोकरीचे बोलू. परदेशी एम.ए. आहे म्हणून जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत बी.एड., टीईटी यांतून सूट मिळत नाही. कॉलेजात लागायचे तर नेट, सेट किंवा पीएच.डी. लागतेच. शिवाय पदवीला इथे समकक्षता मिळेल का, हे प्रवेश घेण्यापूर्वीच तपासावे. मग उपयोग कुठे? शिक्षक-प्रशिक्षण, पाठ्यपुस्तके, परीक्षांची रचना, आंतरराष्ट्रीय शाळा आणि पुढचे संशोधन, अशी दारे उघडतात. पण ती उघडतात ती आधी चार-पाच वर्षे वर्गात घाम गाळलेल्याला. ज्याच्याकडे वर्गातले प्रश्न नाहीत, तो तिकडे कशाची उत्तरे शोधणार?

आणि पैसा. इंग्लंडमध्ये एम.ए. बहुधा एक वर्षाचे, अमेरिकेत दोन वर्षांचे. खर्च मोठा आहे, पण वाटा आहेत. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. आदिवासी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र योजना आहेत. त्यांना उत्पन्नाची मर्यादा असते आणि जागतिक क्रमवारीत वरच्या विद्यापीठातच प्रवेश लागतो. चेव्हनिंगसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर मायदेशी परतावे लागते. माध्यमिक शिक्षकांसाठी फुलब्राइटचे काही आठवड्यांचे कार्यक्रमही असतात. अटी दरवर्षी बदलतात, म्हणून एजंटाचे न ऐकता मूळ जाहिरात वाचावी. परदेशी जाणे जमत नसेल, तर हैदराबादचे इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ आहे. 1958 साली सुरू झालेली ही संस्था याच कामासाठी उभी राहिली आणि गोंदियाहून ती फार दूर नाही.

तेव्हा मित्रा, बांधी विकू नकोस. पोरीला आधी तीन-चार वर्षे शिकवू दे आणि दरवर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरू दे. मिळाली तर आनंदाने पाठव.

आपणा सर्वांना एक विनंती. गावातल्या शिक्षक मुला-मुलींची आयईएल्टीएसची फी आणि अर्जाचा खर्च आपली बॅच उचलू शकते. दर वर्षी एकीचा किंवा एकाचा जरी उचलला, तरी या स्नेहमेळाव्याचे सार्थक होईल. शिकून परत आलेल्याने मात्र सुट्टीत दोन दिवस इथल्या शिक्षकांना द्यावेत, एवढीच अट ठेवू.