अजिंठ्याच्या भिंतीवरील धांवतीं चित्रें

आगगाडीच्या रुळांकडे दूरवर नजर टाकली म्हणजे ते समांतर रूळ क्षितिजाशीं एका बिंदूंत मिळाल्यासारखे भासतात. याच दृष्टिधर्मावर यथार्थदर्शनाचें शास्त्र उभें आहे. इटलींतील आल्बेर्ती यानें १४३५ सालीं त्याचे नियम ग्रंथांत मांडले. आजचा चित्रकथाकार उगारलेली मूठ वाचकाच्या अंगावर आणतो ती याच नियमांच्या बळावर. मूठ मोठी, खांदा लहान, मधला हात आंखूड. कीं चित्र हललेंच!

परंतु ज्यांच्यापाशीं हे नियम नव्हते त्यांना गति साधली नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. छत्रपती संभाजीनगरापासून सुमारें १०० किलोमीटरवरील अजिंठ्याचें सतरावें लेणें पाहावें. काम इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील. तेथें उजव्या भिंतीवर सिंहलाची कथा आहे. हत्ती, घोडे, नावा, सैन्य आणि राक्षसिणी यांची एकच दाटी; पण दृष्टीचा बिंदु एक नाहीं. मंडपाचें छप्पर व आंतील माणसें एकदमच दिसतात. मागचीं माणसें पुढच्यांच्या वर मांडलेलीं आहेत. शाळेंतील परीक्षक येथें कदाचित् गुण कापील. चित्रकाराचा हिशेब मात्र निराळा आहे. पाहणारा एका जागीं खिळलेला नसून भिंतीलगत चालतो. तेव्हां चित्रांतील दृष्टीही त्याच्यासवें चालते. नायक पुनःपुन्हां भेटतो, आणि दोन प्रसंगांमध्यें चौकटीऐवजीं खांब, दारें व कोनदार खडक येतात.

याच लेण्याच्या ओसरींत आकाशगामी इंद्र आहे. त्याला पंख नाहींत. गळ्यांतील माळा तेवढ्या मागें झुकल्या आहेत. तेवढ्यानें वेग कळतो.

हें धन मात्र क्षणभंगुर आहे. रॉबर्ट गिल यानें वर्षानुवर्षें खपून केलेल्या नकलांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या स्फटिकमहालांत जळाल्या. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह १८७२ पासून नव्या नकला केल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ सालीं लंडनमध्येंच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. मूळ भिंतींवरील रंगही बराचसा गळून गेला आहे.

म्हणून चित्रकलेची आवड असलेल्या मुलांना पालकांनीं एकदां तेथें न्यावें. एका जागीं उभें न राहतां भिंतीच्या कडेनें सावकाश चालवावें, आणि सिंहल किती वेळां भेटला तें मोजावयास सांगावें. रुळांचा धडा शाळेंत मिळेलच. हा धडा त्या भिंतीपाशींच मिळतो.