गुलामबंदी आणि आमची वेठ
(विहाराच्या वर्धापन दिनी धामापूर येथे केलेले भाषण)



धामापूरच्या विहारात गुलामबंदीचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. सांगतो.

मालवण बंदर १८१२ साली इंग्रजांकडे गेले. त्याआधी १८०७ मध्येच त्यांच्या पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद केला होता. १८३३ मध्ये गुलामी रद्द करण्याचा कायदाही झाला, पण त्यातून कंपनी सरकारचा मुलूख वगळला! इथला कायदा आला १८४३ साली. तो तरी काय म्हणतो? गुलाम बाळगणे गुन्हा, असे म्हणतच नाही. मालकाने हक्क सांगितला तर कोर्ट मानणार नाही, एवढेच. आता ज्याला अक्षर येत नाही त्याला हे कोण सांगणार? मालक? माणूस विकणे-घेणे गुन्हा ठरले ते पिनल कोडाने, १८६२ पासून.

शेजारी गोव्यात पोर्तुगीजांचे तेच. मोझांबिकहून आणलेली माणसे घरोघर राबत. १८६९ साली फर्मान काढून त्यांना मुक्त म्हटले आणि १८७८ पर्यंत त्याच मालकांकडे कामाला बांधून ठेवले.

आमच्या आज्या-पणज्यांना मात्र कुणी बाजारात विकत घेतले नव्हते. म्हणून हे कायदे त्यांच्या दारापर्यंत आलेच नाहीत. मेलेले ढोर ओढा, मयताचा सांगावा घेऊन धावा, सरकारी ओझी वाहा, खोताच्या शेतात फुकट राबा. बदल्यात बलुते आणि वतनाचा तुकडा. त्या तुकड्याला आपलीच माणसे मान समजत. बाबासाहेबांनी नेमके तिथेच बोट ठेवले. १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचे बिल आणले, १९३७ साली खोतीविरुद्धचे. खोती गेली १९४९ च्या कायद्याने, वतने १९५८ च्या. १८४३ पासून मोजा, शंभरावर वर्षे!

वेठ चुकवायला आपले लोक मुंबईला गिरणीत गेले. तिथे साचेखात्यात घेत नसत. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, त्याचा म्हणे विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तोही प्रश्न लावून धरला.

आणि हे सारे आम्हाला साहेबाने शिकवले असे कुणी समजू नये. भगवान बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यात माणसांची खरेदी-विक्री आहे.

आज घटनेच्या २३ व्या कलमाने वेठ गुन्हा आहे. १९७६ च्या कायद्याने कर्जापोटी राबवणेही गुन्हा, आणि त्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर आहे. खाणीवर, भट्टीवर असे कुणी अडकलेले दिसले तर अर्ज लिहायला आम्ही बसलो आहोत.

एक काम सांगतो. घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. वतनाचे जुने कागद असतील, मोडी असले तरी, येत्या पौर्णिमेला विहारात घेऊन या. मिळून वाचू.