माशाच्या डोक्यातील वर्षांचा हिशेब



लालबाग-दादरच्या बाजारात मासा घेताना आपण कल्ले उघडून पाहतो, घासाघीस करतो. त्याचे वय मात्र कोणी विचारीत नाही. वयाचा दाखला माशाच्या डोक्यातच असतो.

ढोमी किंवा घोळ खाताना डोक्यातून निघणारा पांढरा खडा तुम्ही पाहिला असेल. तो हाडाचा तुकडा नव्हे. तो माशाच्या आतल्या कानातील कर्णाश्म. तोल सांभाळण्यास आणि ऐकण्यास तो उपयोगी पडतो. घोळीच्या पोटातील पिशवीला मोठा भाव येतो, आणि हा खडा जातो कचऱ्यात! मासा जगतो तोवर त्यावर थर चढत राहतात: वाढ जोमात असली की रुंद, मंदावली की अरुंद. थंड देशांत अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. खवल्यांवरही वलये असतात. 1898 साली होफबाउर यांनी कार्प माशाचे वय त्यांवरून काढले. पण खवला गळून नवा आला, तर आधीची वर्षे त्यात उमटत नाहीत.

मात्र पुस्तकातला हा नियम मुंबईला जसाच्या तसा लावू नका. आपल्या समुद्राला तसा कडक हिवाळा नाही. अंडी घालताना किंवा अन्न कमी पडल्यावरही वाढ मंदावते. वर्षात दोन वलये पडतील किंवा एकही स्पष्ट दिसणार नाही. म्हणून आधी पडताळा घ्यावा लागतो. माशाला टेट्रासायक्लीन टोचून सोडले की त्या वेळच्या थरात खूण राहते. तो पुन्हा सापडल्यावर खुणेपुढची वलये मोजतात. आपल्याकडे बंदरांवर उतरलेल्या माशांची लांबी महिन्यामागून महिने मोजूनही वाढीचा अंदाज बांधतात.

एवढा खटाटोप कशासाठी? न्यूझीलंडकडील ऑरेंज रफी हा मासा शंभराहून अधिक वर्षे जगतो, हे कळेपर्यंत त्याची बेसुमार मासेमारी होऊन गेली होती. महाराष्ट्राने 2023 साली 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. मासा किती लांबीचा झाला की अंडी घालतो आणि तिथवर पोहोचायला त्याला किती काळ लागतो, हे ठाऊक असेल तरच अशा नियमाला अर्थ.

विद्यार्थी मित्रांनो, या रविवारी घरी ढोमी आली तर आईकडून डोके मागून घ्या. खडा धुऊन वाळवा. माशाची लांबी, बाजार आणि तारीख चिठ्ठीवर लिहून त्यासोबत ठेवा. पुढे बारीक पॉलिश पेपरवर तो हळूहळू घासा. घाई केलीत तर मधली वलयेच निघून जातील.