मणक्यांमधली चुंबळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी दोन शब्द बोला, असा निरोप घेऊन चिटणीसबाई आमच्या घरी आल्या. विषय कोणता, असे विचारले तर म्हणाल्या, "आरोग्यावर काहीही बोला." मी कंबर हा विषय निवडला. मघाशी हळदीकुंकवासाठी आपण सतरंजीवरून उठलो तेव्हा मी मुद्दाम पाहत होते. दोनचार तरुण मुली सोडल्या, तर गुडघ्यावर हात टेकल्यावाचून उठलेली एकही बाई मला दिसली नाही. तेव्हा विषय परका नाही. मी डॉक्टर नाही. 34 वर्षे शाळेत शिकवले आणि लग्नानंतर ब्रह्मपुरी तालुक्यातल्या धानाच्या घरात नांदले, एवढाच माझा अधिकार. पण जे समजून घेतले ते मन लावून समजून घेतले आहे, आणि तसे करण्यास एक कारण घडले. ते पुढे सांगेन.

आधी कण्याची रचना पाहू. आपण डोक्यावर गुंडी घेतो तेव्हा मध्ये काय ठेवतो? चुंबळ. चुंबळ नसली तर गुंडी डोक्याला रुतते, हलते, पाणी सांडते. आपल्या पाठीत एकावर एक मणक्यांची अशी उतरंड आहे, आणि मानेपासून माकडहाडापर्यंत दोन दोन मणक्यांमध्ये निसर्गाने एकेक चुंबळ ठेवली आहे. अशा 23 चुंबळी आहेत. डॉक्टर त्यांना चकती म्हणतात. बाहेरून चिवट धाग्यांचे कडे आणि आत मऊ, ओलसर गर. दिवसभराच्या भाराने तिच्यातले पाणी थोडे निघते, रात्री निजल्यावर पुन्हा भरते. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. मोठ्या माणसाच्या या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. भार पडणे आणि उतरणे, या हालचालीनेच तिला अन्नपाणी पोचते. एकाच स्थितीत तासन् तास राहिले की तिची उपासमार होते.

"चकती सरकली" असे आपण म्हणतो. खरे म्हणजे ती सरकत नाही. पुरणपोळी लाटताना कड फाटून पुरण बाहेर येते ना, तसे कडे फाटून आतला गर बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेवर दाबतो. मग कळ कंबरेतून मांडीत, पोटरीत, अंगठ्यापर्यंत जाते. पायाच्या या दुखण्याचे मूळ पाठीतल्या फुटलेल्या चकतीत असते, हे मिक्स्टर आणि बार या बॉस्टनच्या दोन शल्यचिकित्सकांनी 1934 साली जगापुढे ठामपणे मांडले. तोवर शहाणीसुरती माणसेही त्याला वात म्हणत. आपल्याकडे अजून म्हणतात.

आता ते कारण सांगते. माझी धाकटी जाऊ माझ्याहून 11 वर्षांनी लहान. एका पावसाळ्यात, ऐन रोवण्याच्या दिवसांत, पऱ्हे उपटून परत येताना ती मला हळूच म्हणाली, "बाई, डावा पाय बधिर झाल्यासारखा वाटते वो. मुंग्याच मुंग्या." मी म्हटले, "रोवणा आटपू दे, मग पाहू." मी मास्तरीणबाई, घरातले सर्व जण माझा शब्द मानीत. तिनेही मानला. पुढे आठ दिवस ती बांधीत वाकून रोवीत राहिली. नवव्या दिवशी तिला लघवी होईना, आणि बसल्या जागेची जाणीव गेली. हे सांगायला ती लाजली. आणखी एक रात्र गेली. नागपूरला नेले तेव्हा तेथल्या डॉक्टरांनी एवढेच विचारले, "इतके दिवस काय करीत होता?" भगिनींनो, त्या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नव्हते, ते माझ्यापाशी होते, आणि मी गप्प उभी राहिले.

शस्त्रक्रिया झाली. कळ गेली. पण डावे पाऊल अजून ओढत चालते, आणि लाजेची ती अडचण पुरती गेली नाही. पाठीच्या खालच्या भागात नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा एक जुडगा असतो. तो दाबला गेला तर दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर खाटेवर पडल्या पडल्या तिने मला विचारले, "बाई, गुंडीची चुंबळ फाटली तर आपण नवी करतो. ही बदलून भेटत नाही का?" मला उत्तर देता आले नाही. मग मी शोध करू लागले. तिच्या प्रश्नावर मोठमोठ्या डॉक्टरांनी आयुष्ये घालवली आहेत, असे मला आढळले.

स्वीडनमधील डॉ. फर्नस्ट्रोम यांनी चकतीच्या जागी पोलादाची गुळगुळीत गोळी बसवून पाहिली, आणि 1966 साली त्याचा वृत्तान्त छापला. कल्पना सरळ होती: गोळी फिरेल, कंबर वाकेल. पण गोळी टेकते ती एका बिंदूवर. पुष्कळ रुग्णांच्या हाडात ती हळूहळू रुतली. चुंबळीऐवजी डोक्यावर गोटा ठेवून वर गुंडी घेतल्यासारखेच ते झाले.

पुढची हकीगत एका बाईची आहे, म्हणून ती मला अधिक सांगाविशी वाटते. कारिन यान्झ ही पूर्व जर्मनीतली कसरतपटू. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तिने दोन सुवर्णपदके मिळवली. नंतर ती अस्थिरोगाची डॉक्टर झाली आणि लग्नानंतर कारिन ब्यूटनर-यान्झ म्हणून ओळखली जाऊ लागली. ज्या कण्याने तिला पदके दिली त्याच्याच दुरुस्तीत तिने मन घातले. पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात कुर्ट शेलनॅक या सहकाऱ्याबरोबर तिने 1982 साली कृत्रिम चकती रचण्यास आरंभ केला: वर आणि खाली धातूची एकेक थाळी, आणि मध्ये सरकणारी प्लास्टिकची गोल वडी. 1984 साली ती प्रथम रुग्णाच्या पाठीत बसवली. पहिल्या थाळ्या लहान होत्या, त्याही हाडात रुतू लागल्या. तिने दुसरी घडण केली, मग तिसरी, अधिक पसरट थाळ्यांची. ती 1987 साली वापरात आली. अमेरिकेने 2004 साली तिला मान्यता दिली. पुढे ती बाजारातून गेली आणि तिच्या जागी नव्या घडणी आल्या. आज मानेतही अशा चकत्या बसवतात. फाटलेले कडेच बुजवावे, म्हणजे गर पुन्हा बाहेर येऊ नये, यासाठी ठिगळासारखे एक साधनही निघाले. त्याला अमेरिकेत 2019 साली मान्यता मिळाली.

दुसरा मार्ग जुना आहे. खराब चकती काढून दोन मणके हाड घालून एकमेकांस जोडून टाकायचे. पाठीमागून जाऊन तसे करण्याच्या पद्धतीचा आपल्या देशात प्रसार केला तो डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी. ते मूळचे गोव्याचे. त्यांचे 'ताठ कणा' हे आत्मकथन आपल्यापैकी काहींनी वाचलेही असेल. जोडल्याने दुखणे थांबते, पण तेवढ्या जागची हालचालही थांबते आणि शेजारच्या चकत्यांवर अधिक ताण येतो. म्हणून तर हलती चकती करण्याचा एवढा खटाटोप.

हे सर्व मी जावेला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग मला ते का नाही बसवले?" याचेही उत्तर मी शोधले. तिच्या वेळी घाई होती ती नसेवरचा दाब काढण्याची. चकती बदलण्याचा तो प्रसंगच नव्हता. शिवाय कंबरेतली कृत्रिम चकती पोटाकडून जाऊन बसवावी लागते. मणक्यांची मागची सांधेजोड शाबूत असावी लागते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हाड भक्कम असावे लागते. हाड ठिसूळ असेल तर कितीही चांगली थाळी रुतणारच. आपल्याकडे बाईचे हाड कशाने ठिसूळ होते हे मी सांगायला नको. सर्वांचे झाल्यावर उरलेले ती खाते, दूध मुलांना जाते, आणि पाळी गेल्यावर हाड आणखी झिजते. म्हणजे ही नवी चुंबळ बसवण्यासाठी ज्या हाडाची गरज, तेच आपण तरुणपणी राखत नाही.

आता आपल्या भागाकडे वळते. आपल्या बायांचे वर्ष पाहा. होळीच्या सुमारास पहाटे मोहफुले वेचायची, वाकून. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, वाकून. आषाढ-श्रावणात रोवणा, दिवसभर गुडघाभर चिखलात, वाकून. मग निंदण, मग कापणी. मधल्या दिवसांत सरपणाची मोळी. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी हा धान निवडून काढला. त्या तांदळाचे नाव सगळीकडे झाले, ते योग्यच झाले. पण तो धान रोवणाऱ्या पाठीचा विचार कोणी केला?

केला, हे सांगायला मला आनंद वाटतो. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेवर, चातगावजवळ, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे शोधग्राम आहे. तेथल्या रुग्णालयाला आदिवासींच्या देवीचे, मा दंतेश्वरीचे, नाव आहे. मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज यांनी 1998 साली 'द स्पाइन फाउंडेशन' ही संस्था काढली. ते आणि त्यांचे सहकारी मुंबईहून शोधग्रामात येऊन रुग्ण तपासत आणि शस्त्रक्रिया करीत आले आहेत. एवढेच नव्हे, तर गडचिरोलीच्या खेड्यांत घरोघर पाहणी झाली, आणि कंबर-पाठीचे दुखणे तेथे फार मोठ्या प्रमाणावर असल्याचे दिसून आले. दुखणे मोजले गेले म्हणजे ते दुखणे ठरले. तोपर्यंत ते "बाईमाणसाची कंबर दुखायचीच" या एका वाक्यात दडपलेले होते. ते वाक्य मी माझ्या आईला उद्देशून ऐकले, आणि पुढे स्वतःही बोलले.

करता येण्याजोगे काय, ते आता थोडक्यात सांगते. स्वीडनचे डॉ. नाकेमसन यांनी जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. सरळ उभे असताना तो 100 धरला, तर उताणे निजल्यावर 25, पुढे वाकल्यावर 150, आणि वाकून हाती वजन घेतल्यावर 220. पुढे 1999 साली जर्मनीत पुन्हा मापे घेतली. बसण्याच्या आकड्यांबाबत मतभेद निघाला. वाकून वजन उचलण्याविषयी निघाला नाही. म्हणून मोळी उचलायची ती गुडघे मोडून आणि अंगाशी धरून. डोक्यावर घेताना दुसरीचा हात घ्या. एका मोठ्या मोळीऐवजी दोन खेपा करा. रोवताना चार ओळी झाल्या की धुऱ्यावर ताठ उभे राहा आणि कंबर मागे वाकवा. मालक रागावेल म्हणाल. सगळ्या मिळून उभ्या राहिलात तर तो एकटीवर रागावणार नाही.

आणि घाबरूनही जाऊ नका. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत, हलकी हालचाल ठेवून, शस्त्रक्रियेवाचून बरी होते. फुटलेला गर देखील पुष्कळदा आपोआप आक्रसतो. पण पाय लुळा पडू लागला, लघवी वा शौचावरचा ताबा सुटला किंवा ती अडली, बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी गाडी करा. पाठदुखीबरोबर सायंकाळचा ताप येत असेल, वजन घटत असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्या. त्या रोगावर औषध आहे.

मंडळाकडे माझे एकच मागणे आहे. रोवण्याच्या दिवसांत प्रत्येक मोहल्ल्यात आपल्यातल्या एकीने रोज संध्याकाळी बायांना दोन प्रश्न विचारावेत: पाय बधिर आहे का, आणि लघवी नीट होते का. पुरुष हे विचारू शकत नाहीत, आणि बाया आपणहून सांगत नाहीत. यासाठी वर्गणी लागत नाही, सभागृह लागत नाही.

आज निघताना मी जावेला विचारले, "तुझी गोष्ट सांगू का? नाव घेणार नाही." ती तांदूळ निवडीत होती. क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सांगा. पण तुम्ही 'मग पाहू' म्हणाल्या होत्या, तेही सांगा."

ते मी सांगितले.