बैठक आणि बैठका
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मराठीत 'बैठक' हा शब्द मोठ्या मानाचा आहे. गाण्याची बैठक असते, कार्यकारिणीची असते, विचारांनाही बैठक लागते. परंतु आखाड्यात बैठका मारणारा माणूस दर वेळी उठतो, याचा आपणांस विसर पडला आहे. आम्ही वैद्य नव्हे. कलाशाखेचे साधे पदवीधर आणि तीस वर्षे केंद्र सरकारच्या खुर्चीवर बसलेले सेवक आहोत. तेव्हा बसण्याच्या विषयात तरी आमचा अधिकार मान्य व्हावा.

आम्ही दिल्लीस नोकरीत लागलो तेव्हा एका फाईलीवर चर्चा करावयाची तर दोन जिने चढावे लागत. आता फाईल संगणकाच्या पडद्यावर येते आणि पडद्यावरूनच पुढे जाते. घरी आल्यावर टेलिव्हिजन, निजताना मोबाईल. गेल्या वर्षी एका दिवसाचा हिशेब मांडला, तेव्हा जागेपणाच्या सोळा तासांपैकी बारा तास बसण्यात गेल्याचे दिसले.

हिशेबास कारण घडले होते. शेजारच्या टेबलावरील आमचे एक सहकारी, निवृत्तीस दोन वर्षे उरली असता, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले. "ह्यांना किती वेळा म्हटलं, जरा फिरून या," एवढेच वहिनी म्हणाल्या. त्यांचा आजार बसण्यामुळे झाला, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण ते वाक्य मनातून जाईना.

लंडनच्या बसगाड्यांत बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, हे डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ सालीच दाखविले होते. कर्करोगासंबंधी महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेत झाला व २०२० साली 'जामा ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात आला. सुमारे आठ हजार प्रौढांच्या कमरेस सात दिवस हालचाल मोजणारे यंत्र बांधून पुढे काही वर्षे त्यांची नोंद ठेवली गेली. सर्वांत अधिक बसणाऱ्यांत कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका सर्वांत कमी बसणाऱ्यांपेक्षा ८२ टक्क्यांनी अधिक आढळला. बसण्यातील केवळ तीस मिनिटे भरभर चालण्यासारख्या श्रमास दिली, तर तो धोका ३१ टक्क्यांनी, आणि हलक्या हालचालीस दिली तरी ८ टक्क्यांनी कमी दिसला.

अशा पाहणीतून संबंध दिसतो, कार्यकारण सिद्ध होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; आजारी माणूस अधिक बसतो, हेही खरेच. तथापि नियमित शारीरिक श्रमाने मोठ्या आतड्याचा, गर्भाशयाच्या अस्तराचा आणि रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका घटतो, याविषयी तज्ज्ञांत एकमत आहे. श्रमाने वजन आटोक्यात राहते, इन्सुलिन व संप्रेरकांचे प्रमाण सुधारते. मात्र तंबाखू तशीच ठेवून नुसती खुर्ची सोडली, तर ती आत्मवंचना ठरेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगितले. २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ तेवढेही करीत नव्हते. आयुष मंत्रालयाने कचेऱ्यांसाठी पाच मिनिटांचा योगविराम आखला आणि २०२१ साली आम्हां केंद्रीय कर्मचाऱ्यांस त्याची शिफारसही झाली. आम्ही ते परिपत्रक वाचले; अर्थात बसूनच!

आता आम्ही दूरध्वनीवर उभ्याने बोलतो, शेजारच्या खोलीत निरोप न धाडता स्वतः जातो, आणि बातम्या संपताच टेलिव्हिजन बंद करून सपत्नीक अर्धा तास फिरतो. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ उभे केले, ते वर्गणीसाठी दारोदार पायी हिंडले. आपण निदान रविवारी सकाळी मंडळाच्या दारातून एकत्र फिरावयास निघावे आणि प्रत्येक लांब कार्यक्रमात पाच मिनिटे उभे राहण्याची ठेवावीत, अशी आमची नम्र सूचना आहे.

आरंभ आताच करू या. आमचे भाषण संपले आहे. आपण सर्वजण उठावे; वक्ता तो आपला अवमान मानणार नाही.