अंगठ्याखालची वीज

विजेची सायकल घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानात गेल्यावर बहुधा तीन प्रश्न विचारतो. मोटार किती ताकदीची, एकदा भरलेली बॅटरी किती किलोमीटर नेते, आणि पैसे किती पडतील. चौथा प्रश्न त्याच्या मनात सहसा येत नाही. ती सारी ताकद ज्या बोटभर लांबीच्या साधनातून मागावयाची, ते साधन हँडलावर कोठे बसविले आहे, आणि रस्त्यावरची नजर न काढता ते वापरता येते की नाही, हा तो प्रश्न होय. शहरातल्या सपाट रस्त्यावर त्याकडे दुर्लक्ष झाले तरी चालून जाते. डोंगरी सायकलीच्या बाबतीत मात्र, श्रोतेहो, मी हा प्रश्न पहिला मानतो. आणि तसा का मानतो हे जोयडा तालुक्यातला एक रस्ता डोळ्यांपुढे ठेवून सांगणार आहे.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील हा तालुका पूर्वी सुपा या नावाने ओळखला जाई. काळी नदीवर गणेशगुडीजवळ धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. धरणाच्या पायथ्याशी पन्नास-पन्नास मेगावॅटचे दोन संच वीज निर्माण करतात. ज्या खोऱ्याने एवढी वीज द्यावी, त्याच खोऱ्यातल्या वाडीत पावसाळ्यात झाड तारेवर पडले म्हणजे सायकलीची बॅटरी कधी भरता येईल हे सांगवत नाही, ही गोष्ट जाता जाता नमूद करण्यासारखी आहे. कारण बॅटरी जपून वापरण्याचा मुद्दा पुढे येणारच आहे.

दांडेलीहून येणारा रस्ता गणेशगुडी, जोयडा, कुंभारवाडा अशी गावे घेत अणशीस पोहोचतो, आणि तेथून अणशी घाटाने कद्र्याकडे उतरून कारवारची वाट धरतो. वस्त्या लहान आणि एकमेकींपासून दूर. मध्ये रान, आणि त्यातले पुष्कळसे व्याघ्र प्रकल्पाचे, ज्यास २०१५ पासून काळी नदीचे नाव मिळालेले आहे. राखीव रानाच्या आतल्या वाटांवर वन खात्याच्या परवानगीवाचून जाता येत नाही. तेव्हा मी बोलतो आहे ते हमरस्त्याविषयी आणि गावागावांना जोडणाऱ्या तांबड्या मातीच्या वाटांविषयी. एखादा शिक्षक, टपाल वाटणारा, किंवा बाजारासाठी कंदांचे पोते कॅरिअरला बांधून निघालेला शेतकरी, असा कोणीही या सायकलीवर असू शकेल. ती काही केवळ हौशी पर्यटकांची वस्तू नव्हे.

आता ही सायकल करते काय? पेडल आपणच मारावयाचे असते. मोटार त्यात भर घालते. किती भर घालावयाची हे पायऱ्यांनी ठरते, आणि त्या पायऱ्यांनाच मोड म्हणतात. जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ साली अशी पहिली सायकल बाजारात आणली. त्यानंतर युरोपात डोंगरी सायकलींसाठी खास मोटारी झाल्या आणि त्यांच्याबरोबर हँडलावरची नियंत्रणेही सुधारत गेली. आपल्याकडे पुण्याच्या ईमोटोरॅडसारख्या कंपन्या आता अशा सायकली विकतात. कायद्याने पाहिले तर मोटार २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर अशा वाहनास आपल्या देशात मोटार वाहन समजत नाहीत. नोंदणीची व परवान्याची यातायात त्यास लागत नाही.

म्हणजे ताकद सर्वांची जवळपास तीच. फरक पडतो तो ती ताकद किती नेमकेपणाने मागता येते यात.

जोयड्याहून कद्र्याकडे निघालेल्या मनुष्यास आधी उतार लागतो आणि चढ लागतो तो परत येताना, म्हणजे अंग थकलेले आणि बॅटरी अर्धी झालेली असताना. उतारावर बॅटरी आपोआप भरत असेल अशी पुष्कळांची समजूत असते. काही थोड्या सायकली सोडल्या तर तसे होत नाही. म्हणून हिशेब आधीच मांडावा लागतो. समजा, स्वार आणि सायकल मिळून वजन नव्वद किलो आहे आणि पाचशे मीटर उंची चढावयाची आहे. केवळ ते वजन वर नेण्यास सुमारे १२३ वॅट-तास ऊर्जा लागते. मोटारीत आणि तिच्या जोडकामात चौथा हिस्सा वाया जातो असे धरले, तर सारा भार मोटारीवर टाकणाऱ्याच्या बॅटरीतून १६३ वॅट-तास जातील. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी एकूण ३६० वॅट-तासांची असते. म्हणजे तिचा निम्म्याजवळ भाग या एका चढणीत संपला, आणि टायरांचे व वाऱ्याचे घर्षण अजून मोजलेच नाही. तोच स्वार निम्मे काम पायांनी करील तर ८२ वॅट-तासांत भागेल. हा निम्मा-निम्मा वाटा चढाच्या प्रत्येक तुकड्यास बदलत ठेवावा लागतो. चढ जरा नरमला की एक पायरी खाली, वळणापाशी चढ उभा झाला की एक पायरी वर. एवढ्या चढणीत असे पन्नास वेळा तरी करावे लागेल. जे काम पन्नास वेळा करावयाचे त्यास दर वेळी मान खाली घालून पडद्याकडे पाहावे लागत असेल, तर स्वार ते काम दहाव्या वेळेनंतर सोडून देतो आणि वरची पायरी लावून मोकळा होतो. बॅटरी रस्त्यात संपते ती बहुतेकदा अशी. दोष मात्र बॅटरीला दिला जातो.

आता हाताकडे वळू. घाटात डाव्या-उजव्या हातांची दोन-दोन बोटे ब्रेकच्या दांडीवर ठेवलेली असावी लागतात. राहिलेली बोटे मुठीला धरतात. मोकळा राहतो तो एकटा अंगठा. उजव्या अंगठ्याकडे गिअर बदलण्याचे काम असते. म्हणून मोड बदलण्याचे साधन डाव्या अंगठ्याकडे यावे हे स्वाभाविक होय, आणि बहुतेक चांगल्या सायकलींवर ते तसे असते. शिमानो कंपनीने २०१६ साली डोंगरी सायकलींसाठी काढलेल्या संचात हे साधन गिअरच्या खटक्यासारखे केले, अंगठ्याने ढकलावयाच्या दोन पट्ट्या, ही गोष्ट मला फार समंजसपणाची वाटते. अंगठ्यास ढकलण्याची सवय असते. टोकाने टोचल्यासारखे दाबण्याची नसते.

येथे एक अडचण पाहिली पाहिजे. स्वस्त सायकलींवर पुढच्या बाजूसही दोन-तीन गिअर असतात, आणि त्यांचा खटका डाव्या मुठीशेजारीच बसतो. मग मोडचे बटण आत, हँडलाच्या मध्याकडे सरकते. अंगठा तेथवर पोहोचावयाचा तर मूठ सोडावी लागते. उभ्या चढावर, कॅरिअरवर ओझे असताना मूठ सोडली की पुढचे चाक डोलू लागते, आणि अणशीच्या वळणावर समोरून ट्रक येत असेल तर हे डोलणे परवडणारे नाही. पुढे एकच चक्र असलेली सायकल मिळत असेल तर तीच घ्यावी, असे मी या एका कारणासाठी सांगेन. आधीची सायकल तशी नसेल, तर दुकानदाराकडून दोन्ही साधनांची जागा आलटून पालटून बसवून पाहावी.

बटणाचा स्पर्शही पाहावा. वरची आणि खालची बटणे आकाराने किंवा उंचीने निराळी असावीत. एक खोलगट, एक फुगीर, असे काही. दाबले की टक् असा ठोका अंगठ्यास जाणवला पाहिजे. गुळगुळीत काचेवर बोट फिरवावयाचे नियंत्रण दुकानात देखणे दिसते. भिजलेल्या बोटास किंवा हातमोज्यास ते दाद देत नाही. कोणत्या रंगाचा दिवा लागला त्यावरून मोड ओळखावयाची पद्धतही अलीकडे आली आहे. दुपारच्या उन्हात तो रंग ओळखू येत नाही, आणि ज्यांना तांबड्या-हिरव्यातला भेद कळत नाही त्यांची तर गोष्टच सोडा. मोठा आकडा दिसला तर बरे; सर्वांत बरे म्हणजे पाहावेच लागू नये.

यावरूनच पायऱ्या किती असाव्यात याचे उत्तर निघते. आपल्याकडील बऱ्याच सायकलींवर पाच पायऱ्या असतात, काहींवर नऊसुद्धा. नऊ हा आकडा विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. शिमानोने वर सांगितलेल्या संचात तीनच ठेवल्या, इको, ट्रेल आणि बूस्ट. एसराम या अमेरिकी कंपनीने २०२३ साली डोंगरी सायकलीची मोटार आणली तेव्हा चालवावयाचे मोड दोनच दिले. बॉश या जर्मन कंपनीने २०१७ साली दुसरीच युक्ती काढली: पेडलवर पाय किती जोर देतो ते पाहून मोटार आपणहून कमी-अधिक साह्य करील असा एक खास मोड. तीन पायऱ्यांत मनुष्य आपण कोठे आहोत हे विसरत नाही. पाच असतील तर निदान ठरवून एक, तीन आणि पाच एवढ्याच वापराव्यात.

बॉशच्या या युक्तीमागे जो सेन्सर आहे त्याविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण बटणाची निवड त्यावर अवलंबून आहे. एका जातीचा सेन्सर पायाचा जोर मोजतो. तो असला की पाय हेच अर्धे नियंत्रण होते, आणि बटणास थोडेच काम उरते. दुसरी जात पेडल फिरते आहे की नाही एवढेच पाहते. ती स्वस्त असते म्हणून आपल्या बाजारात अधिक दिसते. तिच्यात पेडल फिरू लागल्यावर क्षणभराने मोटार ओढू लागते, आणि पेडल थांबल्यावरही क्षणभर ओढतच राहते. चिखलाच्या अरुंद वळणावर तो एक क्षण पुरेसा असतो. अशी सायकल असेल तर वळण येण्यापूर्वीच पायरी उतरविण्याची सवय हवी, आणि खालचे बटण वरच्यापेक्षा अंगठ्यास जवळ हवे. शिवाय ब्रेकची दांडी किंचित ओढताच मोटार बंद होते की नाही, हे पाहून घ्यावे. दांडीत त्यासाठी छोटा स्विच बसविलेला असतो. तो नसेल तर ती सायकल घाटासाठी घेऊ नये. पडद्याचा आकार लहान चालेल, पैसे उरवून ते या दोन गोष्टींवर घालावेत.

आपल्याकडच्या पुष्कळ सायकलींवर आणखी एक साधन असते, थ्रॉटल. पेडल न मारता मोटारीवर जाण्याची ती सोय. थकलेल्या माणसास तिचा आधार वाटतो, हे मी नाकारीत नाही. पण ती मोडच्या बटणास लागून असू नये. सायकलीवरून उतरून ओझे सावरताना अंगठा चुकून थ्रॉटलवर पडला, तर सायकल पुढे उडी घेते आणि पोत्यासकट आडवी होते. थ्रॉटल उजवीकडे, मोड डावीकडे, ही वाटणी बरी. अतिशय उभ्या किंवा दगडगोट्यांच्या तुकड्यावर उतरून चालावे लागते तेव्हा थ्रॉटल नव्हे, ढकलसाह्याचे बटण उपयोगी पडते. ते दाबून धरले की सायकल माणसाच्या चालीने, ताशी सहा किलोमीटरपर्यंत, आपल्याबरोबर चढते. सोडले की थांबते. बऱ्याच संचांत खालचे बटण दाबून धरल्याने ही सोय सुरू होते. पंचवीस किलोची सायकल आणि वर ओझे ज्याने एकदा ढकलले आहे, त्यास तिची किंमत सांगावी लागणार नाही.

पावसाविषयी थोडक्यात. साधनावर पाण्यापासून संरक्षणाचा आकडा छापलेला असतो. आयपीएक्स-४ म्हणजे उडालेले शिंतोडे सोसणारे. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारे. जून ते सप्टेंबर या पट्ट्यात जो पाऊस कोसळतो त्यास शिंतोडे म्हणता येणार नाही. वायरीला जोडणीच्या खाली एक लहानसा झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी जोडणीत न शिरता झोळाच्या तळाशी गळून पडते. चिखल धुताना बटणांवर जोराची धार मारू नये.

दुकानात परीक्षा घ्यावयाची ती अशी. सायकल स्टँडवर असू द्यावी, दोन्ही हात मुठींवर, बोटे ब्रेकवर, आणि डोळे मिटावे. शेजाऱ्याने वर, खाली, बंद असे सांगत जावे आणि आपण करीत जावे. दहांपैकी दोन चुका झाल्या तर साधनाची जागा बदलून पुन्हा पाहावे. तरीही जमले नाही तर दुसरे साधन मागावे. दुकानदार हसेल, हसू द्यावे.

हे साधन हँडलाच्या २२.२ मिलिमीटर जाडीच्या भागावर पट्टीने आवळलेले असते. ती पट्टी फार घट्ट आवळू नये. हाताने जोर दिल्यास किंचित फिरेल इतकीच, म्हणजे सायकल पडली तर साधन फिरून जाईल, तुटणार नाही. पहिले आठ-दहा दिवस ते रोज एक-दोन मिलिमीटर सरकवून पाहावे. जागा जमली की पट्टीच्या कडेला हँडलावर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे दुरुस्तीस दिलेली सायकल परत आल्यावर बटण पुन्हा त्याच जागी बसविता येते.