पात्रांचे भांडण, खेळाडूंचे सख्य



आजचा विषय खेळाचा आहे, परंतु तो क्षुल्लक नाही. चार-पाच मित्र एका टेबलाभोवती बसतात. त्यांच्यापैकी एक जण सूत्रधार होतो व एका काल्पनिक जगाचे वर्णन करतो. इतर जण त्या जगातील एकेक पात्र धारण करतात आणि आपले पात्र काय बोलते, काय करते, ते सांगत जातात. एखाद्या कृतीचा परिणाम अनिश्चित असला की फासे टाकून निकाल लावतात. इंग्रजीत ज्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्याचे हे थोडक्यात स्वरूप होय. आपण त्याला भूमिका-खेळ म्हणू. यात पट असलाच तर तो निमित्तमात्र. खरा खेळ चालतो तो बोलण्यात.

या खेळातील पात्रे बहुधा एकाच बाजूची असतात. मग त्यांच्यातच भांडण जुंपले तर काय करावे? हा प्रश्न नीट हाताळला नाही तर पात्रांबरोबर माणसेही दुरावतात आणि वर्षानुवर्षे चाललेल्या बैठका मोडतात. म्हणून त्याचा थोडा खोलवर विचार केला पाहिजे.

प्रथम इतिहास पाहू. १८२४ साली प्रशियात राइसविट्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने युद्धाचा एक खेळ सिद्ध केला. त्यात दोन पक्ष परस्परांविरुद्ध लढत आणि एक तटस्थ पंच दोघांच्या आज्ञा ऐकून निकाल देई. आजच्या सूत्रधाराचा पूर्वज तो हाच. पुढे १९६९ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली यांनी ब्राउनस्टाइन नावाच्या कल्पित जर्मन गावाचा एक खेळ मांडला. काळ नेपोलियनच्या युद्धांचा होता. वेसलींनी काही खेळाडूंना सैन्याऐवजी गावातील एकेका व्यक्तीची भूमिका दिली आणि प्रत्येकाला वेगळे उद्दिष्ट दिले. खेळाडू कोपऱ्यात जाऊन खलबते करू लागले. दोघांनी तर द्वंद्वयुद्ध ठरवले, आणि त्यासाठी नियमच नव्हते! आपला प्रयोग फसला असे वेसलींना वाटले. खेळाडू मात्र 'आणखी एक डाव मांडा' म्हणून त्यांच्या मागे लागले.

त्याच मंडळींपैकी डेव्ह आर्नसन यांनी १९७१ मध्ये ब्लॅकमूर या कल्पित प्रदेशाचा खेळ सुरू केला. त्यात एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच्च होऊन बसले व इतरांना भारी पडू लागले. त्याला शह देण्यासाठी दैवी सामर्थ्य लाभलेल्या धर्मगुरूची भूमिका योजण्यात आली. गॅरी गायगॅक्स आणि आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ती भूमिका त्यात कायमची आली. तात्पर्य, पात्रांमधील संघर्ष हा या खेळात मागाहून शिरलेला दोष नव्हे. तो त्याच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहे आणि त्याने खेळाला पुष्कळ दिलेही आहे.

तथापि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मुळे एक बदल झाला. पात्रांचा एक जथा भुयारात उतरतो, राक्षसांशी झुंजतो आणि धन घेऊन परततो, असा प्रघात रूढ झाला. शत्रू जथ्याच्या बाहेर गेला. पण कलहाची बीजे आतच राहिली. १९७५ च्या पुरवणीत चोराची भूमिका आली. ज्याच्या अंगी खिसे कापण्याचे कसब नियमानेच दिले आहे, त्याचा हात एखाद दिवशी सोबत्याच्या खिशात जाणार, यात नवल ते काय?

समजा, जथ्यात एक सरदार आहे आणि एक चोर आहे. भुयारात माणिक सापडते. चोराची भूमिका करणारा खेळाडू सूत्रधाराला गुपचूप चिठ्ठी देतो: 'मी माणिक लपवतो.' तीन बैठकांनंतर हे उघडकीस येते. सरदाराचा खेळाडू संतापून म्हणतो, 'माझे पात्र हे सहन करणार नाही. मी त्याला ठार करतो.' चोराचा खेळाडू उत्तरतो, 'मी चोर आहे. माझे पात्र असेच वागणार.' दोघांचेही म्हणणे वरकरणी खरे आहे. तरी त्या रात्री घरी जाताना दोन मित्र एकमेकांशी बोलत नाहीत. असे का होते?

याचे उत्तर शोधताना समाजशास्त्रज्ञ गॅरी अॅलन फाइन यांचे 'शेअर्ड फँटसी' हे १९८३ चे पुस्तक उपयोगी पडते. अशा मंडळांमध्ये प्रत्यक्ष बसून त्यांनी या खेळाचा अभ्यास केला. अर्व्हिंग गॉफमन यांच्या विचारांचा आधार घेऊन ते दाखवतात की, टेबलाशी बसलेली व्यक्ती एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरत असते. ती माणूस असते, खेळाडू असते आणि पात्रही असते. माणसाला सकाळी कामावर जायचे असते. खेळाडूला नियम व फासे ठाऊक असतात. पात्राला मात्र भुयारातील काळोखाखेरीज काहीच ठाऊक नसते. भांडण पात्रांच्या पातळीवर लागले तर ते नाट्य होय. ते नकळत माणसांच्या पातळीवर सरकले की सख्य संपते. वरील उदाहरणात चोराने सरदाराला फसवले एवढेच घडलेले नाही. एका मित्राने दुसऱ्या मित्राला तीन बैठका अंधारात ठेवले. दुखावला तो सरदार नव्हे, माणूस.

म्हणून मला जी एक गोष्ट सांगायची आहे ती अशी: भांडण पात्रांनी करावे, पण त्याची संमती माणसांनी आधी दिलेली असावी.

'माझे पात्र असेच वागणार' हे वाक्य या संमतीला बगल देते. पात्राला स्वतंत्र इच्छा नसते. पात्र या शब्दाचा आपल्या भाषेतील मूळ अर्थच भांडे असा आहे. त्यात काय ओतायचे ते ओतणारा ठरवतो. शिवाय चांगल्या पात्रापुढे कधीच एक वाट नसते. मानी सरदार तलवार उपसू शकतो. तोच सरदार चोराकडून शपथ घेऊ शकतो, किंवा काही न बोलता त्याच्यावर पाळत ठेवू शकतो. या सर्व वाटा त्याच्या स्वभावाला शोभणाऱ्याच आहेत. त्यांपैकी ज्या वाटेने खेळ पुढे जाईल ती निवडणे, ही खेळाडूची जबाबदारी आहे.

आता व्यवहाराकडे वळू. पहिली दक्षता खेळ सुरू होण्यापूर्वीची. अलीकडे अनेक मंडळे खेळापूर्वी एक स्वतंत्र बैठक घेतात. तीत काही प्रश्न स्पष्ट विचारावेत. पात्रांनी एकमेकांशी खोटे बोललेले चालेल काय? चोरी चालेल काय? सोबत्याच्या हातून एखाद्याचे पात्र मेले तर ते सर्वांना मान्य आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक पात्र या जथ्यात का राहते? ज्याला या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याने दुसरे पात्र घडवावे. साध्य एक आणि मार्ग वेगळे, अशी पात्रे पुष्कळ भांडूनही एकत्र राहतात. साध्येच परस्परविरोधी असली तर फुटीखेरीज दुसरा शेवट संभवत नाही.

दुसरी दक्षता गुपितांविषयीची. गुपित पात्रांपासून लपवावे. खेळाडूंपासून लपवण्याचे कारण क्वचितच असते. नाटक पाहताना पडद्याआड कोण उभे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, म्हणून त्याचा रस कमी होत नाही; उलट वाढतो. चोराने सर्वांसमक्ष 'मी माणिक लपवतो, तुमच्या पात्रांना हे दिसत नाही' असे म्हटले असते, तर सरदाराच्या खेळाडूनेच ते प्रकरण रंगवण्यास हात दिला असता.

तिसरी दक्षता प्रत्यक्ष ठिणगी पडल्यावरची. सूत्रधाराने खेळ थांबवावा आणि दोन्ही माणसांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारून विचारावे, 'हे दोघांनाही हवे आहे ना?' एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर ती कृती घडलीच नाही असे समजून मागे यावे. दोघांची संमती असेल तर फासे पडण्यापूर्वी पैज ठरवावी: जिंकणाऱ्याला काय मिळेल, हरणाऱ्याचे काय जाईल. अनेक मंडळांत आणखी एक साधा नियम पाळतात. ज्याच्यावर वार झाला, त्याचा परिणाम त्यानेच सांगायचा. या नियमाने भांडणाची धार राहते आणि भीती जाते. पात्रांची वाट खरोखरच वेगळी झाली, तर एका पात्राला सन्मानाने निरोप द्यावा व त्या खेळाडूने नवे पात्र घ्यावे. पात्र गेले तरी खुर्ची रिकामी होता कामा नये.

काही जण म्हणतात, पात्रांच्या आपसांतील भांडणावर सरसकट बंदीच घालावी. नवख्या मंडळींसाठी हे योग्यच आहे. परंतु कायमची बंदी घातली तर चोरी पाहूनही न पाहिल्यासारखे करणारा सरदार तयार होतो, आणि तो सरदार राहत नाही. उलट ज्या खेळांची रचनाच संघर्षावर उभी आहे, ते काय करतात ते पाहावे. १९८४ च्या 'पॅरानोइया' या खेळात प्रत्येक पात्र दुसऱ्याच्या जिवावर उठलेले असते. तरी कोणी रुसत नाही. कारण विश्वासघात होणार हे सर्वांना आधीच माहीत असते आणि प्रत्येक पात्राच्या जादा प्रतिकृती हाताशी असतात. रॉबिन लॉज यांच्या २०१३ च्या 'हिलफोक'मध्ये एक पात्र दुसऱ्याकडे मान, क्षमा किंवा प्रेम मागते. दुसऱ्याने ते नाकारले तर मागणाऱ्या खेळाडूला एक टोकन मिळते. म्हणजे पात्र हरते, पण खेळाडू रित्या हाताने परतत नाही. या दोन्ही खेळांनी संघर्ष टाळलेला नाही. त्याची किंमत माणसाला मोजावी लागू नये एवढीच व्यवस्था केली आहे.

सूत्रधाराविषयी एक शब्द. एखादा खेळाडू त्रास देतो म्हणून त्याच्या पात्रावर राक्षस सोडणे हा उपाय नव्हे. माणसांचे गाऱ्हाणे माणसांच्या भाषेत, खेळ थांबवूनच सोडवावे. काल्पनिक जगात सूत्रधाराची सत्ता मोठी असते. टेबलाशी मात्र तो मित्रांपैकी एक असतो.

शेवटी अनुवादकाच्या नात्याने एक निरीक्षण मांडतो. इंग्रजीत 'वी' हे सर्वनाम एकच आहे. मराठीत त्याच्यासाठी दोन शब्द आहेत: 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हणताना समोरचा वगळला जातो. 'आपण' म्हणताना तो आत घेतला जातो. या खेळाचे वर्णन मराठीत आणताना प्रत्येक ठिकाणी यांपैकी एक शब्द निवडावा लागतो, आणि निवडताना कळते की वाक्य पात्राचे आहे की माणसाचे. क्रियापदही तसेच आहे. पुरुषाची भूमिका करणारी स्त्री 'मी तलवार उपसतो' म्हणते तेव्हा पात्र बोलत असते; 'मी जरा थांबते' म्हणते तेव्हा ती स्वतः बोलत असते. हा फरक आपली भाषा आपल्याला फुकट देते. त्याचा उपयोग करावा. पात्रांनी खुशाल 'आम्ही' आणि 'तुम्ही' म्हणून भांडावे. खेळ थांबला की मात्र 'आपण पुढच्या वेळी कधी भेटायचे?' असे सर्वांना सहज विचारता आले पाहिजे.